जखमेचा काठ

व्हित्रे हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं गाव. सोळाव्या शतकातल्या एका रविवारी तिथल्या चर्चच्या दारात एक भिकारीण बसली होती. एका स्तनावर भयंकर व्रण, त्यातून पू-पाणी एकसारखं गळतंय आणि समोर पसरलेल्या फडक्यावर ठिबकतंय. लोक तोंड फिरवत आणि पैसे टाकत पुढं जात होते. झां पारे नावाचा एक शल्यवैद्य मात्र थबकला. त्याची नजर व्रणावरून बाईच्या चेहऱ्यावर गेली होती. चेहरा टवटवीत, अंग चांगलं भरलेलं, व्रणाभोवतीची कातडी निरोगी. कर्करोग या थराला गेलेली बाई अशी दिसणार नाही, हे त्याला कळत होतं.

त्यानं न्यायाधिकाऱ्याच्या कानावर घालून तिची तपासणी केली. काखेत एक स्पंज निघाला, जनावराचं रक्त आणि दूध यांच्या मिश्रणात भिजवलेला. तिथून एका पोकळ काडीवाटे ते मिश्रण छातीवरच्या खोट्या छिद्रांपर्यंत येत होतं. कोमट पाण्यानं छाती शेकली, तशी एकावर एक चिकटवलेली बेडकांची कातडी सुटून आली. काही काळी, काही हिरवी, काही पिवळट. चिकटवायला लाल माती, अंड्याचा पांढरा बलक आणि पीठ. खाली सगळं धडधाकट.

ही हकीकत झांचा भाऊ आंब्र्वाझ पारे यानं लिहून ठेवली आहे. हा आंब्र्वाझ म्हणजे फ्रान्सच्या राजांचा शल्यवैद्य, युद्धातल्या जखमांच्या उपचारात मोठी सुधारणा घडवणारा माणूस. विकृत जन्म आणि अद्भुत घटना यांवरच्या त्याच्या १५७३ च्या पुस्तकात अशा सोंगाड्या भिकाऱ्यांचे बरेच किस्से आहेत. एकानं तर फासावर लटकलेल्या माणसाचा हात कापून आणला आणि आपला सडलेला हात म्हणून झग्याबाहेर लोंबकळत ठेवला. तो हात भर गर्दीत गळून पडला, तेव्हा बिंग फुटलं.

व्हित्रेच्या त्या बाईला रंगभूषाकार म्हणून मी पैकीच्या पैकी गुण देईन. थर आहेत, रंगांत फरक आहे, स्राव हलता आहे. चारशेहून अधिक वर्षांनंतर सिनेमावाले नळी आणि पंप लावून रक्त वाहतं ठेवतात, तेच तिनं पोकळ काडीवर भागवलं होतं. ती पकडली गेली ती जखमेमुळं नाही. जखमेभोवतीच्या माणसानं तिला उघडं पाडलं. खोट्या जखमेची विद्या आज बाजारात डबीबंद मिळते, शिकवणारे व्हिडिओ हजारोंनी आहेत, तरी बहुतेकांची जखम अजून याच जागी फसते.

बेडकाच्या कातडीची जागा मेणानं घेतली ती इटलीत. सिराक्यूजचा गाएतानो झुंबो हा सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये मेणाचे छोटे देखावे करत होता. प्लेगमध्ये मेलेली माणसं, कुजण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरची. विषय किळसवाणा, पण मेणात प्रकाश थोडा आत शिरतो आणि मग परततो. माणसाच्या कातडीतही तसंच होतं. लाकूड, माती किंवा प्लास्टर कितीही रंगवलं तरी हा गुण त्यात येत नाही. पुढं १७७५ मध्ये फ्लॉरेन्सचं ‘ला स्पेकोला’ संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं आणि मेणात घडवलेली अख्खी शरीरं मांडली गेली. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ ती पाहून इतका भारावला, की त्यानं आपल्या लष्करी शल्यवैद्यांसाठी व्हिएन्नाला तसाच संच मागवला. जवळपास बाराशे नमुने खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून गेले.

मला या परंपरेतला सर्वांत जवळचा माणूस वाटतो तो ज्यूल बारेत्ता. हा पॅरिसच्या एका झाकल्या बाजारपेठेत कागदाच्या लगद्याची फळं करून विकायचा. सेंट लुई रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांना विद्यार्थ्यांना दाखवायला नमुने हवे होते, कारण त्या काळची छायाचित्रं काळीपांढरी आणि त्वचारोगात तर रंग हेच अर्धं निदान. फळाच्या सालीवरचा डाग हुबेहूब उतरवणारा हात कातडीवरचा चट्टाही उतरवेल, असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर ठरला. बारेत्ता जिवंत रुग्णाच्या अंगावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यात रंगीत मेण ओतायचा आणि मग रुग्ण समोर बसवून बारकावे भरायचा. १८८९ मध्ये तिथलं संग्रहालय उघडलं आणि आज त्यात साडेचार हजारांहून अधिक नमुने आहेत. प्रत्येक नमुना काळ्या फळीवर ठोकलेला आणि कडेनं पांढऱ्या कापडाची दुमड. हा काठ मुद्दाम झाकलेला असतो. मेण आणि फळी जिथं भेटतात ती जागा दिसली, तर नजर लगेच ‘ही वस्तू आहे’ म्हणून मोकळी होते.

हे कारागीर आपली कृती मोठ्या कसोशीनं लपवत. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जोसेफ टाऊन १८२६ पासून पन्नासहून अधिक वर्षं बंद खोलीत काम करत राहिला आणि मिश्रणाचं गुपित बरोबर घेऊन गेला. आपल्याकडच्या गायकी घराण्यांतल्या अस्थायीसारखं हे. शिष्यालासुद्धा पुरती देत नसत.

मेणाला दुसरी वाट मिळाली ती अंत्यसंस्काराच्या धंद्यात. अमेरिकेत यादवी युद्धानंतर मृतदेह टिकवून नातेवाइकांना शेवटचं दर्शन घडवण्याची चाल रुळली. अपघातात चेहरा विद्रूप झालेला असेल तर तो नीट करावा लागे, म्हणून चिकट, मऊ, कातडीच्या रंगाचं मेण तयार झालं. आज रंगभूषेच्या दुकानात ‘स्कार वॅक्स’ किंवा ‘डर्मा वॅक्स’ म्हणून जी डबी मिळते, ती याच मेणाची बहीण. जखमा बुजवण्यासाठी केलेला पदार्थ हॉलिवूडनं उचलला आणि त्यानंच जखमा उघडायला सुरुवात केली. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी जॅक पिअर्सनं बोरिस कार्लोफचं कपाळ कापूस आणि कोलोडियन या चिकट द्रवाचे थर देऊन उभं केलं, आणि डोळ्यांत फार हुशारी दिसते म्हणून पापण्यांवर मेण चढवलं. डोळे जड झाले आणि तो राक्षस एकदम बिचारा वाटू लागला.

आता प्रत्यक्ष काम.

मेणाची लहान गोळी बोटांत मळून मऊ करायची. घाई करून फार गरम केली, तर हाताला चिकटते आणि अंगाला चिकटत नाही. कातडी आधी स्पिरिटनं पुसून तेल काढायचं. जखम तासभर टिकायची असेल तर खाली स्पिरिट गमचा पातळ हात द्यायचा. नाटकवाल्यांच्या घरी तो असतोच, दाढीमिश्यांसाठी. मग गोळी दाबून लांबट पसरायची. मध्ये जाडी ठेवायची आणि कडेला ती संपवत न्यायची. स्पॅच्युलाला किंचित व्हॅसलिन किंवा पाणी लावून कड बाहेरच्या दिशेनं ओढत जायचं. नवशिक्यांचा सगळा उत्साह मधल्या चिरेवर खर्च होतो. माझ्या मते वेळेचा मोठा भाग कडेला द्यावा. प्रकाश बाजूनं आला की कड उभी राहते. म्हणून दर थोड्या वेळानं हात फिरवून, दिवा बाजूला धरून बघावं.

कड विरली की पोत. मेण गुळगुळीत असतं, माणूस नसतो. खरखरीत स्पंज किंवा संत्र्याची साल मेणावर दाबली की रंध्रं उमटतात. त्यानंतर चीर द्यायची आणि इथं शरीरशास्त्र लागतं. कार्ल लांगर या व्हिएन्नाच्या शरीरशास्त्रज्ञानं १८६१ मध्ये प्रेतांच्या कातडीत गोल टोच्यानं भोकं पाडली. भोकं गोल राहिली नाहीत, लांबट फटी झाल्या आणि त्या ठरावीक दिशेनंच ओढल्या गेल्या. कातडीत ताणाच्या रेषा असतात. या रेषांच्या दिशेनं झालेला वार अरुंद राहतो, आडवा गेलेला वार तोंड वासतो. शल्यविशारद छेद घेताना हे आजही ध्यानात ठेवतात. खोटी जखम करणाऱ्यानंही ठेवावं.

दुसरा प्रश्न: कशानं झाली? सुरीचा वार आणि लाठीचा मार यांत न्यायवैद्यक फरक करतं. धारदार शस्त्राच्या जखमेच्या कडा स्वच्छ असतात. बोथट वस्तूनं कातडी फाटते तेव्हा कडा चेंगरलेल्या आणि वेड्यावाकड्या होतात, भोवती काळंनिळं दिसतं आणि फटीच्या आत तंतूंचे पूल शिल्लक राहतात. हाडावरची कातडी याला अपवाद: भुवईवर ठोसा बसला तर फाटलेली जागा चाकूनं कापल्यासारखी दिसू शकते. म्हणजे आधी गोष्ट ठरवायची, मग मेणाला हात लावायचा. ‘एक जखम कर’ असं सांगितलं की माझ्या डोक्यात पहिला सवाल येतो, कुणाची आणि कशी झालेली?

आत काय दिसतं? बहुतेक जण थेट लाल रंग ओततात. खऱ्या खोल जखमेत वरच्या पातळ थराखाली फिकट पांढुरकी कातडी आणि तिच्याखाली पिवळी चरबी दिसते. लाल त्या सगळ्यावर वाहतं. कडेच्या आतून फिकट पिवळ्याची एक बारीक रेघ दिली, तळाशी काळपट तांबडा भरला आणि मगच रक्त सोडलं, तर खोली येते.

कोलोडियन किंवा सीलरचा पातळ थर रंगाआधी हवाच, नाहीतर रंग मेणावर बसत नाही आणि घामानं सगळं घसरतं. इथं एक इशारा देतो. कोलोडियनमध्ये इथर आणि अल्कोहोल असतं. ते पेट घेतं आणि त्याचा वासही तीव्र असतो. डोळ्यांजवळ ते कधीही लावू नये. त्याचा एक कडक प्रकार सुकताना आकसतो आणि कातडीला खेचून खड्डा पाडतो, त्यामुळं जुना व्रण छान दिसतो. पण तोच प्रकार रोज त्याच जागी लावला तर खरी इजा होते. खऱ्या जखमेवर किंवा खरचटलेल्या कातडीवर यातलं काहीच लावायचं नाही. फेव्हिक्विक तर कुठंच नाही, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

काळ्यानिळ्याची गोष्ट आणखी मजेची. मार बसतो, रक्त कातडीखाली सांडतं आणि शरीर त्याची मोडतोड करत बसतं. हिमोग्लोबिनपासून हिरवट बिलिव्हर्डिन, त्यापासून पिवळं बिलिरुबिन. म्हणून लाल-जांभळा डाग पुढं हिरवट, मग पिवळट होत जातो. पण या रंगांचं वेळापत्रक भरवशाचं नाही. १९९१ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासानं एवढंच ठामपणे सांगितलं, की पिवळा रंग अठरा तासांच्या आत दिसत नाही. नायकाला रात्री मार पडतो आणि सकाळी आईसमोर तो पिवळ्या गालानं उभा राहतो, असा प्रसंग दिसला तर रंगभूषाकारानं पटकथा वाचलेली नाही असं खुशाल समजावं.

शिवाय पुस्तकांतले हे बहुतेक रंग गोऱ्या कातडीसाठी सांगितलेले असतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णावर ताजा मार टोमॅटोसारखा लाल दिसत नाही. तो आधी सूज म्हणून कळतो, मग वांगी रंगाकडे आणि काळपट तपकिरीकडे जातो. उलट खरचटल्यावर वरचा रंगीत थर निघून खालचा फिकट गुलाबी भाग उघडा पडतो, म्हणजे जखम भोवतीच्या कातडीपेक्षा उजळ दिसते. परदेशी डबीतलं गुलाबी मेण आपल्या हातावर ठेवलं की चिकटपट्टीसारखं चमकतं. त्यात आपल्या छटेचं फाउंडेशन मळून घ्यायला दोन मिनिटं लागतात. रक्तस्रावानं पांढरा पडलेला माणूस दाखवायचा असेल, तर गालाला पावडर फासण्यात अर्थ नाही. डॉक्टर आपल्याकडे फिकेपणा ओठांत, पापणीच्या आत, नखांत आणि तळहातावर शोधतात. त्यातल्या पापणीला सोडून बाकी ठिकाणचा रंग फिका करावा.

रक्ताबद्दल जगभर वाद आहेत. हिचकॉकनं १९६० च्या ‘सायको’त न्हाणीघरातल्या खुनासाठी चॉकलेट सिरप वापरलं, काळ्यापांढऱ्या पडद्यावर ते बरोबर उतरलं. डिक स्मिथनं मक्याच्या साखरपाकात खायचे रंग घालून जे मिश्रण रूढ केलं, त्यावर पुढच्या पिढ्या पोसल्या. १९७६ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’ची रंगभूषा त्याची. त्यातलं शेवटचं हत्याकांड परीक्षण मंडळाला इतकं खरं वाटलं, की स्कोर्सेसीला त्या दृश्याचा रंग उतरवावा लागला. व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार म्हणून खऱ्या जखमा पाहून आलेला टॉम साविनी १९७८ च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये मिळालेल्या भडक रक्तावर नाराज होता. दिग्दर्शक रोमेरोला मात्र ते चित्रकथेसारखं भडकपणच हवं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. घरच्या घरी करायचं असेल तर साखरेच्या दाट पाकात लाल खाद्यरंग, चिमूटभर कोको आणि निळ्याचा एक थेंब. सुकलेलं रक्त तपकिरी होतं हे लक्षात ठेवायचं. आणि कमी वापरायचं. बादलीभर रक्तात कड, पोत, पिवळी रेघ, सगळे कष्ट बुडून जातात.

आता मी या लेखाच्या खऱ्या विषयाकडे येतो.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते. ढिगाऱ्यातून माणसं काढणाऱ्या पथकांना प्रशिक्षण देण्याचं काम सरे परगण्यातल्या लेदरहेडच्या शाळेत एरिक क्लॅक्स्टन नावाच्या अभियंत्याकडे होतं. त्याच्या लक्षात आलं, की सरावातले ‘जखमी’ निवांत पडून असतात. त्यांना कसंही उचललं तरी ते हसतात, त्यामुळं उचलणाऱ्यालाही चूक कळत नाही. मोडलेला पाय वेडावाकडा वळवला तर खरा जखमी किंचाळेल. हे स्वयंसेवक गप्पा मारत होते. क्लॅक्स्टननं त्यांना जखमी व्हायला शिकवलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यातून ‘कॅज्युअल्टीज युनियन’ ही संस्था उभी राहिली. तिच्या शिक्षणात मेणाच्या जखमा होत्या, पण तितकाच भर अभिनयावर होता: कुठं दुखतं, श्वास कसा चालतो, शुद्ध हळूहळू कशी हरपते, उपचार बरोबर झाला तर चेहऱ्यावर काय फरक पडतो आणि चुकला तर काय. युद्ध संपलं तरी संस्था टिकली. हाच क्लॅक्स्टन पुढं स्टीव्हनेज या नव्या शहराचा अभियंता झाला आणि त्यानं आखलेले सायकलींचे स्वतंत्र रस्ते आजही अभ्यासले जातात. माणूस कुठं धडपडेल याचा विचार करायची सवयच लागली असणार.

मोठ्या दुर्घटनेत जखमींची वर्गवारी करताना लाल, पिवळा, हिरवा, काळा अशा चिठ्ठ्या लावतात. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये तयार झालेल्या ‘स्टार्ट’ पद्धतीत मदतनीस काय बघतो? चालता येतंय का, श्वास मिनिटाला तीसच्या वर आहे का, मनगटाची नाडी लागते का, साधी सूचना कळते का. यात जखमेचं दिसणं कुठंच नाही. कपाळावरून रक्ताचा पाट वाहणारा, आरडाओरडा करत चालत येणारा माणूस हिरव्या चिठ्ठीचा, म्हणजे थांबू शकणारा, असू शकतो आणि कोपऱ्यात गप्प बसून भरभर श्वास घेणारा लाल चिठ्ठीचा, म्हणजे तातडीचा. म्हणजे सरावात मेणाच्या जखमेचं एक महत्त्वाचं काम दिशाभूल करणं हेही आहे. नवख्या मदतनीसानं भडक जखमेकडे धावावं आणि तिथं त्याला थांबवता यावं. मिनिटाला तीसच्या वर श्वास मेणातून येत नाही. तो स्वयंसेवकानंच घ्यायचा असतो, आणि थोडा वेळच. जास्त घेतला तर त्यालाच खरोखर चक्कर येते.

आपल्याकडे याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले, त्यात महाराष्ट्रातून मुंबई, उरण, तारापूर यांसारखी ठिकाणं होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला आहे. कारखाने, शाळा, गृहसंस्था यांच्यात मॉक ड्रिल आता सवयीचं झालं आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमामुळं स्किल लॅब आल्या. आणि तरीही गावोगावच्या सरावांत जो जखमी मी पाहतो, त्याच्या डोक्याला पांढरं बँडेज, त्यावर लाल शाईचा गोल, आणि स्ट्रेचरवर पडून तो मोबाइल बघतोय. त्याला वाचवणाऱ्यांनी त्यातून काय शिकावं?

दुसरीकडे याच राज्यात रंगभूषेची परंपरा किती समृद्ध आहे बघा. पंढरीदादा जूकरांसारख्यांनी हिंदी सिनेमाचे चेहरे पिढ्यान्‌पिढ्या घडवले. विक्रम गायकवाड यांनी ‘बालगंधर्व’सारख्या कामातून राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत मजल मारली. राज्य नाट्य स्पर्धेत रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिक असतं, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात स्पिरिट गमची बाटली आणि ब्रश घेऊन बसणारं कुणीतरी आहेच. हौशी नट तर विचारूच नका. मरणाचा प्रसंग मिळाला की त्यांची कळी खुलते. ही नाटकवाली मंडळी आणि सराव घेणारे एकमेकांना भेटत नाहीत, एवढीच अडचण आहे. मेण महाग नाही. ते मिळालं नाही तर व्हॅसलिनमध्ये कॉर्नफ्लोअर मळून शाळेच्या सरावापुरतं कातडं होतं. आधी कोपराच्या आत लावून पुरळ येत नाही ना ते बघायचं, इतकंच.

तेव्हा तुमच्या महाविद्यालयात, कंपनीत किंवा सोसायटीत पुढचा सराव ठरेल, तेव्हा बँडेज आणि शाई बाजूला ठेवा. गावातल्या नाट्यमंडळाला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागातल्या एका परिचारिकेला तासभर बोलवा. जखमी कोण आणि कशानं झाला, हे तिच्याकडून ठरवून घ्या. सराव आहे असा फलक दिसेल तिथं लावा, लहान मुलांना आणि नुकताच अपघात पाहिलेल्यांना लांब ठेवा, आणि ‘आता मला खरंच त्रास होतोय’ हे सांगायचा एक ठरलेला शब्द प्रत्येक स्वयंसेवकाला द्या. परिचारिका मेणाच्या जखमेकडे बघून ‘हे असं नसतं’ म्हणाली, तर वाद न घालता ते मेण पुसा आणि पुन्हा करा.